शिक्षा झालेल्या माणसाला एजंटचं रेरा रजिस्ट्रेशन मिळावं का?

जुळेसोलापूरकर: आमच्या गल्लीतल्या एका मामांचे पूर्वी चार लूम होते, धंदा बसला, सूतवाल्याला दिलेला चेक बाऊन्स झाला आणि १३८ खाली शिक्षा लागली. पैसे भरले, विषय मिटला. आता फ्लॅटची एजंटगिरी करायचीय म्हणून महारेराची (बिल्डर-एजंटांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) परीक्षा द्यायलेत, तर कट्ट्यावर एकजण म्हणतो गुन्हेगाराला मिळतच नाही. मी २०१६ चा रेरा कायदा काढून बघितला, कलम ९ मध्ये शिक्षा झालेला चालत नाही असं कुठंच नाही. अर्जात चालू केसेस विचारतात, खोटं लिहून घेतलेलं रजिस्ट्रेशन रद्द होतं, बास. मग मामांना का अडवायचं?

विजापूररोड_७: कायद्यात नाही म्हणजे बंदी घालायला पाहिजे की. एकच प्लॉट तिघांना दाखवून तिघांकडून टोकन घेणारा माणूस मी बघितलाय, त्यात माझे पण ५० हजार होते. घरात भाडेकरू ठेवायचा तर आपण पोलिसात माहिती देतो आणि आयुष्याची कमाई ज्याच्या हातात द्यायची त्याला १० हजार फी भरली की ५ वर्षं मोकळं रान?

कडक_भाकरी: अहो पण त्याला शिक्षा झाली का? नाही ना? मग तुमच्या बंदीनं तो सुटलाच आणि मामा अडकले 😀

विजापूररोड_७: केस चालूच आहे ओ, तारीख पे तारीख. म्हणून तर राग येतोय.

भाचा_टेक्सासला: तिकडं टेक्सासात एजंटच्या बोटांचे ठसे घेऊन रेकॉर्ड तपासतात, पण जुना गुन्हा असेल तर लायसन्सच्या आधीच अर्ज करून आपण नियमात बसतो का ते विचारून घेता येतं. म्हणजे फी आणि क्लासचा खर्च वाया जात नाही. आपल्याकडं असं काहीतरी पाहिजे, फसवणूक वेगळी, दारू पिऊन केलेली मारामारी वेगळी.

विजापूररोड_७: आणि ते वेगळं कोण ठरवणार, साहेब? साहेबाला ठरवायला दिलं की साहेबाचा रेट ठरतो.

कडक_भाकरी: आमदाराला पण २ वर्षांची शिक्षा झाली तर सुटल्यावर ६ वर्षांनी परत उभं राहता येतं. एजंटाला जन्मभर नाही म्हणणं जरा जास्तच होतंय. फसवणुकीच्या शिक्षेला ठरावीक वर्षं बंदी घाला, त्याला माझी ना नाही.

सातबारा_बघा: तुम्ही कुणाशी भांडायलाय बे? रजिस्ट्रेशन लागतं ते रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टचे फ्लॅट-प्लॉट विकायला. गावाबाहेर गुंठ्या-गुंठ्यानं शेत विकणारे रेराच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, त्यांना कसली बंदी घालणार? मामा निदान परीक्षा तरी द्यायलेत.

विजापूररोड_७: हे मात्र खरंय, माझा प्लॉट गुंठेवारीचाच होता. तरी पण मी मामांकडून घेणार नाही, राग मानू नका.

जुळेसोलापूरकर: नका घेऊ की, चेकनं तर अजिबात नको 😀