जुने ८-बिट गेम आजच्या टीव्हीवर खेळण्यासाठी काय घ्यावे?

पिवळी वायर
नमस्कार. नव्वदच्या दशकात घेतलेला ८-बिट व्हिडिओ गेम आमच्याकडे अजून सुस्थितीत आहे. तो अॅडाप्टर लावून नव्या एलईडी टीव्हीला जोडला, तर चित्र येते. परंतु बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडी मारतो आणि बदके टिपण्याची बंदूक तर अजिबात चालत नाही. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला हे गेम दाखवण्याची इच्छा आहे. नवे यंत्र घ्यावे की घरच्या संगणकावर भागवावे? आणि आजच्या मुलांना यात खरोखर गोडी लागते, की हा केवळ आमच्या पिढीचा गहिवर आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिरपा बाण
आपली बंदूक बहुधा बिघडलेली नाही. टीव्ही बदलला आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच चित्रचौकटीत (फ्रेममध्ये) बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदकाला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला, तरच नेम लागला असे धरले जाते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे चित्र विनाविलंब उमटत असे. एलईडी टीव्ही मात्र आलेले चित्र आधी मोठे करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो, तोवर तो क्षण निघून गेलेला असतो. मारिओची उडीही त्याच कारणाने लांबते. म्हणून खर्च करण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा. उडी बरीच सुधारेल, बंदूक मात्र सुधारणार नाही. बंदूक हवीच असेल, तर जुना ट्यूबवाला टीव्ही मिळवण्यावाचून पर्याय नाही. दुरुस्तीच्या दुकानांत तो अजूनही कधीकधी पडून असतो.

उलटी बेरीज
गहिवराच्या मुद्द्यावर लिहितो, कारण माझे मत वेगळे आहे. माझा भाचा २०१२ सालचा. त्याच्याकडे गहिवरण्यासारखे काही नसतानाही तो १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तासन्‌तास खेळतो. याचे कारण रचनेत आहे. पहिल्याच पडद्यावर गुंबा नावाचा एक छोटा शत्रू समोरून चालत येतो. काहीच केले नाही तर मारिओ मरतो आणि खेळ पुन्हा तिथूनच सुरू होतो, म्हणजे उडी मारावी लागते हे कोणीही न सांगता कळते. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेले अळंबी उजवीकडे सरकते, पाइपला धडकते आणि उलट आपल्याच दिशेने येते. शत्रू समजून घाबरलेल्या नवख्या खेळाडूलाही ते बहुतेक वेळा लागतेच, आणि मारिओ मोठा होतो. आजच्या कित्येक गेमना हेच शिकवायला सूचनांचे दहा फलक लागतात!

हा संपूर्ण गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडपे यांची आकृती एकच ठेवली आहे, फक्त रंग वेगळे. मूळ फॅमिकॉम यंत्रात (निन्टेन्डो कंपनीचे ८-बिट गेमयंत्र) कामाची स्मृती २ किलोबाइट होती, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर ते आठपेक्षा जास्त हलत्या आकृती दाखवू शकत नसे. गर्दी झाली की गोळ्या आणि शत्रू लुकलुकतात ते त्यामुळेच. इतक्या अडचणीत काम करायचे म्हटल्यावर अनावश्यक ते आपोआप गळून पडले. (अर्थात त्या काळी टाकाऊ गेमही ढिगाने निघाले, ते आज कोणी खेळत नाही, एवढेच.)

डबल स्टार्ट
घरी संगणक आहे, तर नवे यंत्र घेऊ नये. जुन्या यंत्रांचे गेम संगणकावर चालवणारा ‘रेट्रोआर्क’ हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि त्यातील ‘रन-अहेड’ सुविधेने उशीर आणखी कमी होतो. पैसे एका चांगल्या वायरच्या कंट्रोलरवर घालावेत. गेम मात्र कायदेशीर घ्यावेत: स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१९ पासून ‘काँट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन’ (‘काँट्रा’ या जुन्या गोळीबाराच्या गेमचा संग्रह) उपलब्ध आहे. निन्टेन्डोने २०१६ मध्ये ३० गेमचे छोटे ‘क्लासिक’ यंत्र काढले होते, पण त्याचे उत्पादन आता बंद आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘दहा हजार गेम’वाल्या स्वस्त स्टिकपासून दूर राहावे. त्यांतील गेम सहसा परवानगीविना भरलेले असतात आणि तेच ते वेगळ्या नावांनी पुन्हा येतात, जसे आपल्या ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये असे.

जुनी कॅसेट लागत नसेल, तर फुंकर मारू नये. ओलाव्याने आतील धातूच्या पट्ट्या गंजतात. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

पिवळी वायर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेम मोडने उडी सुधारली, त्यामुळे मारिओ जुन्याच यंत्रावर खेळू आणि काँट्रा संगणकावर घेऊ. मुलीबरोबर दोघांनी काँट्रा खेळायचे झाल्यास आधी काय सांगावे?

तिरपा बाण
दोन गोष्टी. ‘एस’ अक्षराची बंदूक मिळाली, तर ती तिला घेऊ द्यावी. एका वेळी पाच गोळ्या पसरतात, त्यामुळे नवख्याचा निभाव लागतो. आणि धबधब्याच्या टप्प्यात आपण भराभर वर चढू नये. पडदा पुढच्या खेळाडूबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. त्या टप्प्यावर तिला पुढे जाऊ द्यावे. जीव पुरत नसतील, तर निन्टेन्डोवाल्या आवृत्तीत सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी बटणे दाबावीत, दोघांसाठी मग सिलेक्ट आणि शेवटी स्टार्ट. प्रत्येकी तीस जीव मिळतात.