प्राध्यापकांना पर्यावरण 'शिकवायला शिकवायचं' कसं? (एफडीपी माझ्या गळ्यात आलाय)

नीरेकाठची

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण यावेळी खरंच अडलंय म्हणून धागा काढतेय.

मी पुणे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला भूगोल शिकवते. मागच्या आठवड्यात आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या) मीटिंगमध्ये ठरलं की दिवाळीनंतर पाच दिवसांचा एफडीपी, म्हंजे प्राध्यापकांचं ट्रेनिंग, घ्यायचा, विषय "सर्व विद्याशाखांमधून शाश्वतता आणि पर्यावरणीय न्याय", आणि भूगोल म्हंजे पर्यावरण एवढ्या हिशोबाने कोऑर्डिनेटर मी. आर्ट्स-कॉमर्स-सायन्स मिळून चाळीसेक जण बसणार.

आता खरं सांगते, मागच्या वर्षी असाच एक झाला होता, ऑनलाइन. उद्घाटन आणि सत्कारात पाऊण तास, मग बाहेरच्या सरांची नव्वदेक स्लाइडची पीपीटी, ध्रुवीय अस्वल, ओझोनचं भोक, सगळं आलं, फक्त आमची नदी आली नाही. सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी स्वतः मेथी निवडत होते. शेवटी गूगल फॉर्मवर "एक्सलंट", सर्टिफिकेट, आणि गेटपाशी अकरा जणांनी मिळून एक रोप लावतानाचा फोटो. रोप मार्चमध्ये वाळलं, फोटो नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत हिरवागार आहे.

1991 ला सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहतांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करा म्हणून सांगितलं, पुढे यूजीसीचा सहा महिन्यांचा पेपर आला, आता एनईपीत (नव्या शैक्षणिक धोरणात) त्याचे क्रेडिट आहेत. इतकी वर्षं पोरं हा ईव्हीएसचा पेपर पास होतायत. पण ते त्या एका पेपरात कोंडलं गेलं आणि बाकी सगळ्या विषयांनी हात झटकले, असं मला वाटतं.

तर दोन प्रश्न. एक, अकाउंट्सचे सर आणि मराठीच्या मॅडम पुढच्या सोमवारी वर्गात जाऊन खरंच काहीतरी वेगळं शिकवतील असं पाच दिवसांत काय करता येईल? दुसरं म्हंजे तो "न्याय" शब्द. आमच्या संस्थेत कारखान्याशी संबंध असलेली मंडळी आहेत (कुठला ते विचारू नका), वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांची, काही तोडकऱ्यांची. पाण्याचा विषय काढला की "मॅडम, राजकारण नको" येतंच. कुणी असलं काही केलंय का?

डेबिट_क्रेडिट

मॅडम, आधी थोडं विरजण घालतो. अभ्यासक्रम विद्यापीठाचं बोर्ड ऑफ स्टडीज ठरवतं, आपल्या संलग्न कॉलेजांना त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही, त्यामुळे "अभ्यासक्रमात शाश्वतता आणा" असं कुणी स्टेजवरून म्हणालं की कॉमर्सवाले मनातल्या मनात घड्याळ बघायला लागतात. मीही बघतो.

पण उदाहरण माझं असतं. प्रोसेस कॉस्टिंगमध्ये नॉर्मल लॉस (प्रक्रियेत होणारच अशी घट) शिकवताना पुस्तकात कायम कुठलंतरी केमिकल एक्स असतं. मी एकदा डिस्टिलरी घातली. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो, तो लॉस धरला, स्क्रॅप व्हॅल्यू शून्य, गणित सुटलं, फळा पुसायला वळलो तर एका पोराने विचारलं सर हा लॉस जातो कुठं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आमच्या ओढ्याला." वर्ग हसला आणि मग एकदम गप्प झाला, कारण ते पोरगं हसत नव्हतं. मग तेच गणित ट्रीटमेंटचा खर्च धरून पुन्हा केलं, लिटरमागे कॉस्ट वाढली, आणि प्रश्न टाकला की हा आकडा कारखान्याच्या शीटवर नसेल तर कुणाच्या वहीत पडतो. अर्धा तास गेला. युनिट वेळेत संपलं, परीक्षेलाही तेच आलं.

पीस रेटचंही तसंच. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक "कोयता", मजुरी टनावर, आधी मुकादमाकडून उचल, खाडा झाला की दंड, आणि उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला कॅरी फॉरवर्ड. ही एंट्री काही पोरांना माझ्याआधी येत होती.

तर माझं म्हणणं एवढंच की चाळीस जणांना भाषण देऊ नका. प्रत्येकाला सांगा येताना एक गणित, एक धडा, एक प्रॅक्टिकल घेऊन या जे तुम्हाला पुढच्या पंधरा दिवसांत शिकवायचंच आहे, आणि जाताना तेच बदलून न्या.

जुना_फळा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी निवृत्त, मराठीचा.

"पर्यावरणीय न्याय" असं म्हटलं की आमच्या लोकांना हे काहीतरी परदेशातून आलेलं नवं खूळ वाटतं. तिथेच चुकतं. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याने गोरगरिबांची चराऊ रानं कशी गिळली ते आहे, डोंगरउतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून ताली-बांध घाला, त्या कामाला पलटणीतले रिकामे शिपाई लावा हेही आहे. मृदसंधारण आणि त्याचा हिशोब कोण चुकता करतो, दोन्ही एकाच दमात. आपण तो उतारा सामाजिक विषमता म्हणून शिकवतो आणि मातीचं वाक्य पोरांकडून नुसतं वाचून घेतो.

आणि महाड. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले 20 मार्च 1927 ला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. पाणी आहे, ठराव आहे, तरी ओंजळ भरता येत नाही, यापेक्षा तो न्याय शब्द आणखी काय समजावून सांगायचा? इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, कायदा, सगळ्यांना यात काम आहे.

"राजकारण नको" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना गाडीत घाला आणि पुरंदर तालुक्यात नायगावला न्या. तुमच्या जिल्ह्यातच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअरने तिथे देवस्थानची चाळीसेक एकर माळजमीन घेऊन पाणी अडवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे की पाणी जमिनीवर नाही, माणशी, डोई अर्धा एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला यातल्या एकेका नियमावर एकेक तास घेता येतो. भूमिहीनाला पाण्याचा हक्क म्हणजे काय, तो ते पाणी करणार काय, हा प्रश्न तर वर्गात टाकून नुसतं बसून राहावं.

अटलांटाकर

मी अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवतो, इथे असल्या ट्रेनिंगची एक जुनी पद्धत आहे ती सांगतो, उपयोग झाला तर बघा. अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफच्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीत 1995 ला पॉन्डेरोसा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालं, त्यावरून अटलांटात एमरी युनिव्हर्सिटीने 2001 ला पीडमॉन्ट प्रोजेक्ट काढला. पुढे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी तोच साचा उचलला. सगळ्या शाखांचे प्राध्यापक एकत्र, उन्हाळ्याच्या तोंडाला दोन दिवस वर्कशॉप, त्यात कॅम्पसमधल्या जंगलात चक्कर, मग सुट्टीत प्रत्येकाने आपापला कोर्स स्वतः दुरुस्त करायचा, आणि सुट्टी संपता संपता पुन्हा भेटून एकमेकांना दाखवायचा. थोडं मानधनही देतात. तज्ज्ञ येऊन ज्ञान पाजत नाही, कारण गृहीतच हे की आपला विषय कुठे वाकतो ते ज्याचं त्याला कळतं. मधली ती सुट्टी फार महत्त्वाची आहे. पाच दिवस सलग कोंबले तर सहाव्या दिवशी कुणी काही करत नाही, इथेही नाही.

न्यायाबद्दल, इकडे हा शब्द गाजला तो 1982 ला नॉर्थ कॅरोलिनात वॉरन काउंटीत. पीसीबी नावाच्या औद्योगिक रसायनाने विषारी झालेली माती पुरायला सरकारने गरीब, बहुसंख्य काळ्या लोकांचा भाग निवडला, लोक ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेच्या वर अटका झाल्या. कचरा त्यांना थांबवता आला नाही, पण पुढे 1987 ला अशा जागा देशभर कुणाच्या शेजारी आहेत याची आकडेवारी निघाली, आणि वस्तीचा वर्ण हाच त्यातला सगळ्यात ठळक घटक निघाला. मी ते रिग्रेशनच्या तासाला घेतो. पण तुम्ही वॉरन काउंटी शिकवू नका, प्लीज. तुमच्याकडे उरुळी देवाची आहे की, पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं कुणाच्या दारात पडला ते एसटीने जाऊन बघता येतं.

ब्युरेट

सगळे इतके एकमताने बोलतायत म्हणून जरा उलटं बोलतो. प्रत्येक विषयात हे घुसवलंच पाहिजे का? मी केमिस्ट्रीचा. उत्साही आणि कच्चं पर्यावरण शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.

अनुभव ऐका. एका कॉलेजात असाच एफडीपी झाला, तिथले एक सर पेटून उठले, पोरांना घेऊन नदीवर गेले, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सँपल घेतलं, ती बाटली दुपारभर मोटरसायकलच्या डिकीत, संध्याकाळी लॅबमध्ये काहीतरी आकडा काढला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात. ज्याच्यावर आरोप होता त्याच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) जागेवर फिक्स केला होता का? संपलं. गावकऱ्यांची खरी तक्रार त्या एका बाटलीपायी खोटी ठरली.

त्यामुळे तुम्ही घेणार असाल तर सायन्सवाल्यांचा अर्धा दिवस नदीवर घ्या आणि नीट घ्या. काचेच्या बुचाची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते), आत एक बुडबुडा राहता कामा नये, काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. हे इंग्लिशच्या मॅडमलाही दिसतं, सांगावं लागत नाही. मग लॅबमध्ये अ‍ॅसिड घालून टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत. बीओडीची दुसरी बाटली तीन दिवस 27 अंशाला ठेवायची, म्हणजे पहिल्या दिवशी लावली की चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर आकडा. नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे, ती फळ्यावर लिहून ठेवा. नंतर समाजशास्त्रवाल्यांनी खुशाल विचारावं की सँपल कुणाच्या घाटावर घेतलं आणि कुणाच्या नाही.

तासिका_तत्त्व

सगळं छान चाललंय, पण एक विचारू का, या चाळीस जणांत सीएचबीवाले, म्हणजे तासांवर पैसे मिळणारे, किती? मी सहावं वर्ष तासिकेवर आहे. मूळ विषय हिंदी. ईव्हीएस मला दिलं कारण परमनंट लोकांचा वर्कलोड भरला होता आणि माझा कमी होता, एवढंच कारण. पहिल्या वर्षी मी गाइड वाचून शिकवलं, लाज वाटते पण खरं आहे, पोरांच्या प्रोजेक्टचे तर नुसते मथळे वेगळे होते, आतली पानं तीच. आमच्याकडे एफडीपी झाला तेव्हा मला बोलावलंच नाही कारण मला कॅस (परमनंट लोकांच्या बढतीची योजना) लागत नाही, आणि गेले असते तर त्या दिवसांचे तास बुडाले, म्हणजे पैसे बुडाले. जो वर्गात जाऊन शिकवतोय तोच ट्रेनिंगच्या बाहेर. न्यायावर एफडीपी घेताय ना ताई, मग सुरुवात तिथूनच करा.

बाकी एक केलं ते सांगते. आमच्याकडे शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरची पोरं येतात. तानसा, वैतरणा, भातसा, मुंबईचं पाणी जातं ते या भागातून, आणि एप्रिल लागला की याच पाड्यांवर टँकर. पोरांना सांगितलं एक दिवस घरात किती हंडे आले ते मोजा, हंडा साधारण पंधरा लिटर धरा, माणसांनी भागा. मग फळ्यावर दोन सरकारी आकडे लिहिले, शहराला माणशी रोजचे 135 लिटर, खेड्यात जलजीवनचे 55. एक मुलगी म्हणाली मॅडम आमचं बारा येतंय, चुकलं असेल. तिने दोनदा मोजलं. चुकलं नव्हतं. आणि नंतर तिनेच विचारलं की बारा आणि पंचावन्नचं समजू शकते, पण पंचावन्न आणि एकशे पस्तीस हा फरक तर नियमातच लिहिलाय, तो कुणी ठरवला? मला उत्तर आलं नाही. हिंदीच्या तासाला त्यावर पोरांनी निबंध लिहिले, इतके लांब निबंध मी कधी तपासले नव्हते.

नीरेकाठची

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आणि तासिका_तत्त्व ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलंच नाही. आमच्या यादीत सीएचबीचे नऊ जण आहेत आणि त्यांना पत्र गेलं नव्हतं, ते मीच विसरले होते. प्रिन्सिपल सरांशी बोलले, त्या दिवसांचे तास भरलेले धरायचं त्यांनी तोंडी मान्य केलंय, लेखी घेतल्याशिवाय सोडणार नाही.

सध्याचं असं ठरलंय: पाच दिवस सलग नाही, चार आधी आणि एक महिन्याने. येताना प्रत्येकाचा एक धडा. पहिल्या दिवशी सकाळी नदी, ब्युरेट सरांच्या पद्धतीने, बाटल्या आमच्या लॅबमध्ये सहाच निघाल्यात तर बाकी मागवतेय. तिसऱ्या दिवशी नायगाव. चौथ्या दिवशी बीओडीचा आकडा आणि धडे लिहायला घेणं. महिन्याने येताना शिकवून झालेला धडा आणि पोरांच्या दोन वह्या, पीपीटीला बंदी. संस्थेतल्या एका काकांनी कार्यक्रमपत्रिका बघून नायगावपाशी बोट ठेवलं, म्हणाले ऊस लावायचा नाही असं सांगणारं गाव आहे ना ते. मी म्हटलं हो, तुम्हीही चला. बघतो म्हणालेत.

आता एकच अडलंय, कॉलेजची बस मिळतेय पण डिझेल कुठल्या हेडखाली टाकायचं यावर ऑफिसने फाइल परत पाठवलीये. डेबिट_क्रेडिट सर, काही सुचतंय?

डेबिट_क्रेडिट

नॉर्मल लॉस. (हलके घ्या.) फील्ड व्हिजिटच्या हेडमध्ये टाका, आणि बसमध्ये काकांची एक सीट धरून ठेवा.