विषय: हॉलच्या इंटरनेटचा लॉगिन (दिलीप, कृपया वाच)

मंडळी,
इंटरनेट कंपनीची मेल आलीय. कोण कुठल्या साइटवर जातं ते जाहिरातींसाठी वापरणार. नको असेल तर खात्यात जाऊन बंद करा. खात्याचा कोड अजून दिलीपच्याच फोनवर जातो. रविवारी शाळेची पोरं त्याच वायफायवर असतात.
– मेधा

---
कोड येतो तेव्हा मी कामावर असतो, दहा मिनिटांत तो बाद होतो. आणि चार्ज देताना सगळं लिहून राउटरवर चिठ्ठी चिकटवली होती. गणपतीत डेकोरेशनवाल्यांनी काढली असेल तर माझा काय दोष?
– दिलीप

---
मखर त्या भिंतीपासून चार फूट लांब होतं. फोटो आहेत.
– स्वाती

---
एवढं काही नाही हो. साइट एचटीटीपीएसवाली (म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणारी) असली की कंपनीला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही.
– नितीन

---
नितीन, नाव पुरतं की रे! हिच्या आजारपणात रात्री दोनला मी डायलिसिस सेंटरची साइट उघडून बसायचो. पान कशाला बघायला हवं? २०१६ साली एफसीसीने, म्हणजे इथल्या अमेरिकन सरकारच्या दूरसंचार आयोगाने, इंटरनेट कंपन्यांना नियम केला होता, आधी गिऱ्हाइकाला विचारा म्हणून. २०१७ च्या मार्चमध्ये सिनेटने ५० विरुद्ध ४८ मतांनी तो उडवला. मी तेव्हा इथे लिहिलं, तर उत्तरादाखल पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी आल्या. मुलगी मेन राज्यात असते, तिथे २०२० पासून कंपनीलाच आधी परवानगी मागावी लागते.
– वसंतकाका

---
काका, यंदा पुरणपोळ्या कोण घेतंय? आमच्या दोन डझन.
– शुभदा

---
मी राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून कंपनीऐवजी दुसऱ्याचा टाकतो, पाच मिनिटांचं काम.
– नितीन

---
कमिटीला विचारल्याशिवाय राउटरला हात लावू नकोस. मागच्या खेपेला तू "पाच मिनिटं" म्हणालास आणि दिवाळी पहाटचा झूम गेला.
– मेधा

---
आणि नुसता डीएनएस बदलून भागत नाही. जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या कंपनीमार्फत झाकून नेणारी सेवा) घेतलं तर तीच माहिती व्हीपीएनवाल्याच्या हातात. आधी फुकटचं बटण तर बंद करा.
– श्रीकांत

---
शनिवारी दहाला फोन घेऊन येतो. माझा नंबर काढून मेधाचा घालू.
– दिलीप

---
माझी मुदत एप्रिलमध्ये संपतेय.
– मेधा