नाजूक कागदावरील रक्ताळलेले ठसे : रसायनांचा क्रम कोणता?

प्रश्न (न्यायवैद्यक पदव्युत्तर विद्यार्थिनी)
प्रबंधासाठी मी टिश्यू कागद, ट्रेसिंग कागद आणि दुकानातील थर्मल (उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या) पावत्या यांवर बकऱ्याच्या रक्ताचे बोटांचे ठसे उमटवून नमुने तयार केले आहेत. बरेच ठसे मध्यभागी तपकिरी दिसतात, परंतु कडेला इतके फिके होत जातात की रेषा कुठे संपते ते कळत नाही. अमिडो ब्लॅक या रंगद्रव्याने रक्तातील प्रथिने निळी-काळी होतात. मात्र तो रंग सच्छिद्र कागदाच्या तंतूंतही शिरून ठसाच झाकून टाकेल, अशी शंका वाटते. तो थेट वापरावा की आधी निनहायड्रिन (ठसे जांभळे करणारे रसायन)? ल्युमिनॉल (रक्ताशी अभिक्रिया होताच अंधारात निळसर चमकणारे रसायन) फवारून पाहणे कितपत योग्य ठरेल?

उत्तर १ (अंगुलिमुद्रा विश्लेषक)
ल्युमिनॉल नकोच. त्याचे जलीय द्रावण रक्त विरघळवून पसरवते, त्यामुळे डाग कुठे आहे ते समजते, पण रेषा मात्र हातच्या जातात.

रसायनाला हात लावण्यापूर्वी जांभळ्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत. रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक हीम सुमारे 415 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जोरकसपणे शोषून घेतो आणि त्याच प्रकाशात अनेक कागद स्वतः चमकतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी फिकी कडाही चमकत्या पार्श्वभूमीवर काळी उठून दिसते. अनेकदा एवढ्यावरच काम भागते. त्यानंतर डीएफओ (ठसे चमकवणारे डायझाफ्लुओरिनोन हे रसायन), मग निनहायड्रिन आणि सर्वांत शेवटी अमिडो ब्लॅक, असा क्रम ठेवावा. पहिली दोन रसायने अमिनो आम्लांशी अभिक्रिया करतात, म्हणून त्याच कागदावरचे घामाचे अदृश्य ठसेही हाती लागतात; अमिडो ब्लॅकच्या जलीय द्रावणात कागद बुडवला की ती संधी संपते.

अमिडो ब्लॅकपूर्वी 2 टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात निदान 5 मिनिटे ठेवून रक्त स्थिर करून घ्यावे, अन्यथा ते रंगाच्या द्रावणातच वाहून जाईल. पार्श्वभूमीबद्दलची आपली शंका रास्त आहे. पाणी, इथेनॉल व ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणाने कागद पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, तरीही काही कागद निळसर राहतातच. ओला टिश्यू चिमट्याने उचलू नये. तो जाळीवर ठेवून जाळीसकट बुडवावा आणि जाळीसकटच वाळवावा.

उत्तर २ (रसायनशास्त्राचा प्राध्यापक)
थर्मल पावत्यांना हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही. डीएफओसाठी लागणाऱ्या सुमारे 100 अंश सेल्सिअस तापमानात पावती काळी पडते आणि इथेनॉल, ॲसिटोन यांसारखी ध्रुवीय द्रावकेही तोच परिणाम घडवतात. हायड्रोफ्लुरोइथर या कमी ध्रुवीय द्रावकातील निनहायड्रिन वापरून, उष्णता न देता, ठसा अंधारात सावकाश उमटू द्यावा. पावत्यांसाठी प्रबंधात स्वतंत्र प्रकरण करणेच बरे.

उत्तर ३ (निवृत्त पोलीस अधिकारी)
अमिडो ब्लॅक प्रथिने रंगवतो, केवळ रक्त नव्हे; दूध वा लाळही रंगते. त्यामुळे रेषा नसलेल्या डागातून रक्तचाचणीसाठी आणि डीएनएसाठी अंश आधीच घ्यावा, तसेच प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मुद्देमालाच्या नोंदीत जोडावे.

1897 साली जलपाईगुडीतील चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा चोरी झालेल्या पेटीतील बंगाली पंचांगाच्या निळसर कागदी वेष्टनावर तपकिरी डाग सापडले होते. ते सस्तन प्राण्याच्या रक्ताचे असल्याचे रासायनिक विश्लेषकाने सांगितले आणि त्यांतील ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. तरीही न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी ठरवले, खुनासाठी नाही. कारण रक्ताळलेला हात पेटीतील कागदाला लागला एवढेच ठशाने सिद्ध होत होते. प्रबंधात निष्कर्ष लिहिताना ठसा रक्तानेच उमटला, की आधीच्या ठशावर नंतर रक्त आले, हा प्रश्न वेगळा मांडावा. रंगद्रव्य त्याचे उत्तर देत नाही.