युरोपात राहण्यासाठी गाव निवडताना : अनुभवांचा धागा

युरोपात स्थायिक होऊ पाहणारे लोक ‘कोणते शहर चांगले?’ असे विचारतात, तेव्हा उत्तरात त्यांना बहुधा पगाराचे आकडे, करांचे प्रमाण आणि सुटीतली छायाचित्रे मिळतात. ज्या गोष्टींवर तिथला संसार उभा राहतो, म्हणजे भाड्याचे घर, मुलांची शाळा, हिवाळ्यातला उजेड, शेजाऱ्यांशी बोलण्याची भाषा आणि आईवडिलांना जवळ आणता येण्याची शक्यता, त्यांविषयी कोणी सविस्तर लिहीत नाही. म्हणून युरोपातले एखादे ठिकाण स्वतः विचार करून निवडलेल्या मराठी माणसांना विनंती आहे, की ते का निवडले, राहायला लागल्यावर काय आढळले आणि आज पुन्हा निवडायचे झाल्यास काय पाहाल, हे येथे लिहावे. सुरुवात मी करते.

व्हिएन्ना, ऑस्ट्रिया

आमच्यापुढे म्युनिक आणि व्हिएन्ना असे दोन पर्याय होते आणि पगार म्युनिकचा अधिक होता. तरीही आम्ही व्हिएन्ना निवडले, ते तिथल्या घरांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर या शहराच्या नगरपालिकेने घरपट्टीसारखा खास कर बसवून कामगारांसाठी स्वतः घरे बांधायला सुरुवात केली. १९३० साली पुरा झालेला कार्ल-मार्क्स-होफ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध गृहसमूह असून तो एक किलोमीटरहून अधिक लांब पसरलेला आहे, आणि आतल्या प्रशस्त अंगणांत आजही मुले खेळतात. शहराच्या मालकीची आज सुमारे २,२०,००० घरे आहेत. अनुदानातून बांधलेली सहकारी घरे त्यांत मिळवली, तर जवळजवळ निम्मी वस्ती अशा घरांत राहते. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला पालिकेचे घर लगेच मिळत नाही, कारण त्यासाठी शहरातले सलग वास्तव्य आणि दीर्घकालीन निवासाचा हक्क लागतो. मात्र इतकी घरे बाजाराबाहेर असल्यामुळे खासगी भाड्यांवरही वचक राहतो, आणि त्याचा लाभ आम्हांला पहिल्या महिन्यापासून झाला.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथल्या नळाला येणारे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचे आहे. त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आणि दुसरी १९१० मध्ये सुरू झाली, आणि डोंगरातून शहरापर्यंत ते पाणी केवळ उताराने येते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

खटकणारी बाब एकच, पण ती मोठी आहे. मतदानाच्या वयाच्या व्हिएन्नावासीयांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना ऑस्ट्रियाचे नागरिकत्व नसल्यामुळे मत देता येत नाही, आणि ते नागरिकत्व मिळवण्यासाठी साधारणपणे दहा वर्षे थांबावे लागते. उत्तम जर्मन येत असल्यास सहा. जिथे मुलांना वाढवायचे तिथल्या कारभारात आपला शब्द असावा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही मुदत आधीच विचारात घ्यावी.

आइंडहोवन, नेदरलँड्स

आम्ही इथे आलो ते शेजारच्या वेल्डहोवनमधल्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या उद्योगामुळे. म्हणजे निवड आधी कामाची होती आणि गावाची नंतर. ॲमस्टरडॅमलगतच्या आम्स्टलवेनमध्ये भारतीय वस्ती दाट असल्यामुळे पुष्कळ जण तिकडे ओढले जातात, पण आम्हांला मुलांनी सायकलवर एकट्याने शाळेत जावे, असे गाव हवे होते. इथे ते खरोखर घडते. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची रहदारीची परीक्षा होते, आणि ठरवून दिलेल्या मार्गावरून सायकल चालवून ती द्यावी लागते. धाकटीच्या जन्मानंतर पहिला आठवडाभर प्रशिक्षित बाई रोज घरी येत असे. ती बाळाला आणि आईला तपासून जाई, अंघोळ घालायला शिकवी, थोरल्याला जेवायलाही वाढी. या सेवेचा मोठा भाग आरोग्यविम्यातून भागतो. बाळंतपणाला भारतातून कोणी येऊ शकले नव्हते, त्या दिवसांत तिचा जो आधार वाटला तो मी विसरणार नाही.

पालकांना मला विशेषेकरून सांगायचे आहे ते शाळेविषयी. इथे मूल साधारण बारा वर्षांचे झाले, की त्याने पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जावे, मधल्या मार्गाने जावे की व्यवसायशिक्षणाकडे वळावे, याचा सल्ला शाळा देते, आणि त्यात चाचणीबरोबरच शिक्षकांच्या मताला मोठे वजन असते. पुढे मार्ग बदलता येतो, तरीही दहाव्या-अकराव्या वर्षी डच भाषेत स्थलांतर करणाऱ्या मुलाची भाषेची अडचण बुद्धीची अडचण समजली जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून माझे ठाम मत असे, की या देशात यायचे असल्यास मुले लहान असताना यावे, किंवा मग आंतरराष्ट्रीय शाळेचा खर्च आधीच धरावा. परदेशी तज्ज्ञांना मिळणारी करसवलत पाच वर्षांनी संपते, हेही लक्षात ठेवावे; त्या सवलतीच्या भरवशावर घेतलेले घर पुढे जड जाते. घरांची टंचाई सगळीकडेच आहे.

ट्रॉम्सो, नॉर्वे

मी संशोधनासाठी आलो आणि राहिलो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. समुद्रातल्या उष्ण प्रवाहामुळे बंदर गोठत नाही आणि थंडीही या अक्षांशाच्या मानाने सौम्य असते, त्यामुळे अडचण थंडीची नसून उजेडाची आहे. स्थानिक लोक दिव्यांनी उजळलेल्या वाटांवर भर अंधारात स्कीइंग करतात आणि आवर्जून एकमेकांकडे जातात. ज्याला तसे करणे जमते, त्याला हे गाव आपलेसे होते. ज्याने युरोप फक्त जून महिन्यात पाहिला आहे, त्याने निर्णयापूर्वी एकदा डिसेंबरात येऊन राहावे.

वॉर्सा, पोलंड

मी मूळचा कोल्हापूरचा, आणि पोलंड निवडण्यामागे ते कारण आहे असे म्हटले तर इथल्या माझ्या सहकाऱ्यांना आता आश्चर्य वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून सुटून आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना, ज्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता. त्यांची स्वतःची शाळा होती, प्रार्थनामंदिर होते, आणि आमच्या आजोबांच्या बोलण्यात त्या वसाहतीचा उल्लेख नेहमी येई. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा आम्ही काही जण मुद्दाम गेलो होतो. ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला ‘कोल्हापूरचा’ असे उत्तर दिल्यावर एखाद्या वृद्ध माणसाने आपला हात घट्ट धरावा, असा अनुभव युरोपातल्या दुसऱ्या कोणत्या राजधानीत येईल, असे मला वाटत नाही.

व्यवहारातही शहर सोयीचे आहे. पश्चिम युरोपच्या तुलनेत खर्च आटोक्यात राहतो, ट्राम आणि बस सर्वत्र जातात, आणि ‘बार म्लेच्नी’ नावाच्या जुन्या स्वस्त भोजनालयांत बटाट्याची धिरडी, पनीरासारख्या चीजच्या करंज्या आणि बीटचे सार मिळत असल्यामुळे शाकाहारी माणसाचेही भागते. सारात मांसाचे पाणी नाही ना, एवढे विचारून घ्यावे. रविवारी बहुतेक मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात, तेव्हा शनिवारी सामान भरावे लागते. भाषा कठीण आहे, सात विभक्ती आहेत, पण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेल्या मराठी माणसाने त्यांना घाबरण्याचे कारण नाही. दीर्घकालीन निवासासाठी मध्यम पातळीची पोलिश यावी लागते, ही अट मला योग्य वाटते.

क्राकोव्ह अधिक देखणे आहे, हे मान्य. तिथल्या हिवाळ्यातल्या धुराची ख्याती मात्र जुनी आहे. २०१९ च्या सप्टेंबरपासून शहरात कोळसा आणि लाकूड जाळण्यास बंदी घातल्यानंतर हवा सुधारली असली, तरी भोवतालच्या गावांतला धूर दरीत साचतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी थंडीत जाऊन पाहावे.

लिस्बन, पोर्तुगाल

आम्ही फोंड्याचे. आमच्याकडे ही निवड आमच्या पिढीने केली नाही, कारण १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते. गोव्यातून या मार्गाने गेलेले बहुतेक लोक लिस्बनला थांबलेच नाहीत. ते कामासाठी ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनला गेले. २०२० च्या अखेरीस ब्रिटन युरोपीय संघाच्या व्यवस्थेतून पूर्णपणे बाहेर पडल्यावर नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली आणि आम्ही प्रथमच लिस्बनकडे राहण्याचे ठिकाण म्हणून पाहिले.

इथला उजेड, समुद्र आणि मासळीबाजार पाहून गोव्याच्या माणसाला परकेपणा वाटत नाही. महानगर क्षेत्रातल्या सर्व बस, मेट्रो, रेल्वे आणि नदीतल्या बोटींना मिळून ४० युरोंचा मासिक पास पुरतो, म्हणून आम्ही तेजो नदीपलीकडे अल्माडाला घर घेतले आणि रोज बोटीने कामाला जातो. पण घर पाहताना एक गोष्ट नीट तपासावी. इथल्या जुन्या घरांत हीटरची मध्यवर्ती व्यवस्था बहुधा नसते, भिंतींना ओल येते, बुरशी धरते, आणि जानेवारीत घराबाहेरच्यापेक्षा आतच अधिक गारठा जाणवतो. पगार कमी आहेत; २०२५ मध्ये किमान वेतन महिना ८७० युरो होते, आणि शहरातली भाडी त्या मानाने फार वर गेली आहेत. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपते, ही बाब गोव्यात जमीनजुमला किंवा सरकारी नोकरी असलेल्या प्रत्येक घराने वकिलाला विचारूनच ठरवावी. आमच्या घरात यावर पुष्कळ चर्चा झाली आणि वडिलांनी शेवटी नोंद केली नाही. त्यांचा तो निर्णय आम्हांला सर्वांना पटला.

त्रिएस्त, इटली

अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या सैद्धांतिक भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्रामुळे भारतीय संशोधक या गावाला ओळखतात. स्लोव्हेनियाची सीमा इतकी जवळ आहे, की रविवारी फिरायला माणसे दुसऱ्या देशात जातात. उन्हाळ्यात बार्कोलाच्या किनारपदपथावरून लोक सरळ समुद्रात उतरतात, आणि हिवाळ्यात बोरा नावाचा वारा डोंगरावरून असा कोसळतो, की चालताना आधार शोधावा लागतो. माझ्या मते, दोन-तीन वर्षे मन लावून काम करण्यासाठी यापेक्षा सुंदर जागा नाही. कायमचे राहायचे असेल तर मात्र जोडीदाराला इथे कोणते काम मिळेल, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा.

हायडेलबर्ग, जर्मनी

वर अनेकांनी घर आणि शाळा यांविषयी लिहिले आहे, म्हणून मी केवळ आईवडिलांविषयी लिहितो. हायडेलबर्ग आम्ही निवडले त्यात नेकार नदी आणि टेकड्या होत्याच, शिवाय १९६२ मध्ये स्थापन झालेली इथली दक्षिण आशिया संस्था होती, जिथे खंडोबा आणि धनगरांच्या परंपरेचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी अध्यापन केले. परगावात मराठी पुस्तकांची कपाटे दिसणे, हे आम्हा दोघांना फार मोलाचे वाटले. पण वडील एकटे पडल्यावर या सगळ्याकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

जर्मनीत कुशल कामगारांना आईवडिलांना आणण्याची मुभा २०२४ च्या मार्चपासून मिळाली, मात्र ती १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना असा निवास परवाना पहिल्यांदा मिळाला त्यांच्यापुरतीच आहे. आमच्यासारखे त्याआधी आलेले त्यात बसत नाहीत. जे बसतात, त्यांनाही पालकांच्या निर्वाहाची आणि पुरेशा आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला असा विमा मिळवणे, हाच या सगळ्यातला अवघड टप्पा आहे. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांनी नोकरीचा करार हाती येताच विम्याची चौकशी सुरू करावी, आणि घर पाहताना लिफ्ट आहे का, दवाखाना पायी अंतरावर आहे का, हे पाहावे. जुन्या सुंदर इमारतींत चौथ्या मजल्यापर्यंत फक्त जिनाच असतो. ज्यांनी आईवडिलांसाठी असा विमा प्रत्यक्ष मिळवला आहे, त्यांनी कोणत्या अटींवर आणि महिना किती रकमेला तो मिळाला, हे येथे अवश्य लिहावे.