‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न समुपदेशनात विचारावा का?

धागाकर्ती (समुपदेशक, सोलापूर):
विल्यम ग्लासर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६५ साली वास्तव उपचारपद्धती पुस्तकरूपाने मांडली आणि १९९८ साली तिच्यामागचा निवड सिद्धांत. तगून राहणे, प्रेम व आपलेपणा, सत्ता, स्वातंत्र्य आणि मौज या पाच गरजांसाठी माणूस वागतो आणि त्याचा ताबा फक्त स्वतःच्या वागण्यावर असतो, हा त्याचा गाभा. वागण्याला ते गाडीची उपमा देतात : कृती व विचार ही पुढची चाके, भावना व शरीरातले बदल ही मागची. स्टिअरिंग पुढच्याच चाकांना जोडलेले असल्यामुळे सुरुवात तिथूनच करावी, असे ग्लासर सांगतात.

विडी वळणारी एक बाई (तपशील बदलले आहेत) तीन बैठका नवऱ्याच्या दारूबद्दलच बोलत होती. चौथ्या वेळी मी विचारले, ‘तो आल्यावर तुम्ही काय करता?’ ‘भांडते, रात्रभर जागते, मग दुसऱ्या दिवशी हजार विड्या होत नाहीत.’ ‘यातून हवे ते मिळते का?’ बोटांना चिकटलेली तंबाखू पदराला पुसत तिने मान हलवली. तो पिऊन आला की मुलीला घेऊन बहिणीकडे जायचे, हे तिनेच ठरवले. माझ्या मते हे समुपदेशनाचे यश आहे.

विडी कामगाराची मुलगी:
हाच प्रश्न माझ्या आईला आजी विचारायची : ‘तू काय करतेस, म्हणून तो पितो?’ हजारी मजुरीचा दर आईने ठरवला नव्हता आणि गिरणी बंद पडून वडील घरी बसले, तीही कोणाची निवड नव्हती. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला निवडीचे पाठ देणे मला क्रूर वाटते.

मनोरुग्ण विभागातील परिचारिका:
माझा आक्षेप वेगळा आहे. ग्लासर नैराश्यालाही माणसाने निवडलेले वर्तन मानत आणि मनोविकारांवरील औषधांना त्यांचा विरोध होता. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या नातलगांनी हे ऐकून गोळ्या थांबवल्या, तर निस्तरायचे कोणी? शिवाय नवरा मारत असेल, तर आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती द्यावी, चाकांचे नंतर पाहता येईल.

धागाकर्ती:
औषधांबाबतचे ग्लासर यांचे मत मला मान्य नाही आणि मी ते वापरतही नाही. मारहाणीची चौकशी मी पहिल्याच बैठकीत करते. आजींच्या प्रश्नाबद्दल मात्र असहमत आहे, कारण तो प्रश्न नव्हे, आरोप आहे. टीका करणे, दोष देणे यांना ग्लासर नाते तोडणाऱ्या सवयींत मोजतात. रॉबर्ट वुबोल्डिंग यांनी या पद्धतीचे चार टप्पे सांगितले : काय हवे, काय करतो, त्याचा उपयोग होतो का आणि आता काय करायचे. त्यातल्या तिसऱ्या टप्प्याचा, म्हणजे उपयोग होतो का याचा, निवाडा समोरच्या व्यक्तीनेच करायचा असतो. समुपदेशकाने तो केला, तर तिथे सासूच बसली म्हणायची.

विडी कामगाराची मुलगी:
सूर वेगळा आहे, हे मानते. पण तुमच्या योजनेचा सारा भार बहिणीच्या दारावर आहे. बहिणीच्या नवऱ्याने दोन रात्रींनंतर ‘पुन्हा येऊ नका’ म्हटले, तर काय करायचे, हे ठरले आहे का?

धागाकर्ती:
नाही, ते ठरलेले नाही. ती गुरुवारी येणार आहे. आधी तेच विचारीन.