आटा, पिच आणि लीड: नेमका कुठला शब्द कशाला?

प्रश्न: लेथवर (जॉब फिरवून कापायच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘आटा’ हा स्क्रूवरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचेसाठीचा शब्द इतक्या प्रकारे ऐकलाय की गोंधळ व्हायला लागलाय. ‘इंचात १२ आटे’ म्हटलं की एक फेरा म्हणजे एक आटा, पण ‘दोन आट्यांचा स्क्रू’ म्हणतात त्याच्यावर फेरे तर भरपूर असतात. ‘आटा पाडून दे’ म्हटलं की अख्खं कामच आलं त्यात. मग पिच आणि लीड यांना वेगवेगळं काय म्हणायचं, की दोन्ही एकच? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

— दादा, तिन्ही अर्थ बरोबर आहेत, बोलताना संदर्भावरून कळतं. पण पिच आणि लीड एक नव्हे, आणि जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या सूचनांच्या कागदावर लिहिताना ही सरमिसळ फार महागात पडते. आट्याच्या शेजारशेजारच्या दोन शेंड्यांमधलं अंतर म्हणजे पिच. नट एक पूर्ण फेरा फिरवल्यावर जेवढा पुढे सरकतो ते लीड. साध्या आट्यात दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून बऱ्याच जणांना फरक करायची वेळच येत नाही. स्क्रू टोकाकडून बघा, तिथे आट्याची सुरुवात किती ठिकाणी दिसते ते मोजा. दोन ठिकाणी दिसली तर दोन आटे एकमेकांशेजारून गेलेत, आणि लीड पिचच्या दुप्पट. मी याला ‘दोन तोंडी आटा’ म्हणतो, ‘दोन आटे’ म्हणायचं टाळतो, कारण ऐकणारा फेरे मोजत बसतो.

आता हेच लेथवर बघा. पिच १.५ मिमी, दोन तोंडी, म्हणजे लीड ३ मिमी. लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू, ६ मिमी पिचचा धरा. गिअर लावायचे ते लीडवरून, ३ भागिले ६, म्हणजे स्पिंडलकडून (जॉब फिरवणाऱ्या दांड्याकडून) येणारा गिअर ४० दात्यांचा आणि लीडस्क्रूवर ८० चा. पण खाचेची खोली काढायची ती पिचवरूनच, ०.६१३ गुणिले १.५, साधारण ०.९२ मिमी, लीडवरून काढलीत तर टूल दुप्पट खोल जाईल आणि शेजारचा आटा खाऊन टाकेल. पहिला आटा पूर्ण झाला की लीडस्क्रू न हलवता जॉब अर्धा फेरा पुढे घ्यायचा किंवा कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची छोटी सरक) लेथच्या बेडला समांतर ठेवून बरोबर १.५ मिमी सरकवायची आणि मग दुसरा पाडायचा. म्हणजे एकाच जॉबमध्ये एक आकडा लीडचा लागतो, दोन पिचचे, आणि तुम्ही दोघांनाही ‘आटा’ म्हणत असाल तर सांगणारा एक सांगेल नि करणारा दुसरंच करेल.

— यात एक भर घालतो. इंग्रजीत आट्याला ‘थ्रेड’ म्हणजे दोरा म्हणतात; जुन्या मराठीत स्क्रूला मळसूत्र म्हणायचे, त्यातही सूत्र म्हणजे दोराच आहे. पण कारागिरांच्या बोलण्यातलं ‘सूत’ वेगळं बरं का, ते इंचाचा आठवा भाग. ‘चार सुती बोल्ट’ म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट, त्यावरून फक्त जाडी कळते, आट्याबद्दल काहीच कळत नाही. अर्धा इंच व्हिटवर्थला (जुनी ब्रिटिश पद्धत) इंचात १२ आटे आणि अर्धा इंच यूएनसीला (अमेरिकी पद्धत) १३, त्यामुळे नुसतं ‘चार सुती’ सांगून नट मागवला तर बसेलच असं नाही.

प्रश्न: छान माहिती. मग पिच गेज (आट्यात बसवून बघायची दातेरी पट्टी) लावून बघितलं, बरोबर बसलं, की आटा ओळखला असं म्हणता येईल ना?

— नाही म्हणता येणार, आणि हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं कारण पिच गेज फक्त पिच सांगतं. वर सांगितलेल्या जॉबला कोणी चुकून गिअर पिचवरून लावले, १.५ भागिले ६, तर एक तोंडी आटा पडेल, त्याच्यावर गेज अगदी चपखल बसेल आणि तरी दोन तोंडी नट चढणार नाही, कारण आट्याचा तिरकेपणाच निराळा. दुसरं म्हणजे १.२५ मिमी पिच आणि इंचात २० आटे, म्हणजे १.२७ मिमी, हे दोन फेऱ्यांवर वेगळे कळतच नाहीत. गेजचे निदान दहा दाते एकदम लावा, तिथे ०.२ मिमीचा फरक उजेडासमोर धरला की दिसतो. तिसरं, आट्याच्या दोन उतारांमधला कोन. मेट्रिकचा ६० अंश, व्हिटवर्थचा ५५ (हे माप १८४१ चं आहे आणि जुन्या यंत्रांवर अजून भेटतं). म्हणून ‘आटा कुठला?’ या प्रश्नात आट्याचा चौथा अर्थ येतो, म्हणजे कुठल्या पद्धतीचा.

आणि ‘पिच डायमीटर’ या शब्दाने फसू नका, ते पिचचं माप नाही. आट्याची जाडी आणि खाचेची रुंदी जिथे सारखी होते त्या काल्पनिक गोलाचा तो व्यास. एम १० ला (१० मिमी व्यासाचा मेट्रिक आटा), पिच १.५ असताना, तो ९.०२६ मिमी येतो. बाहेरून मायक्रोमीटर लावून १० भरलं म्हणजे आटा बरोबर असं होत नाही, कारण नट बसतो तो उतारांवर. त्यासाठी तीन तारांची पद्धत, ०.८६६ मिमीच्या तीन तारा आट्याच्या खाचांत, एका बाजूला दोन आणि समोर एक, त्यांच्यावरून माप १०.३२५ आलं की मूळ माप मिळालं, प्रत्यक्षात सैलपणासाठी यापेक्षा थोडं कमीच ठेवतात.

प्रश्न: मग कार्डवर काय लिहू?

— साध्या आट्याला ‘एम १०, पिच १.५’ पुरतं. एकापेक्षा जास्त तोंडं असली तर दोन्ही आकडे नावानिशी लिहा, ‘एम १६, लीड ३, पिच १.५, दोन तोंडी’. ‘आटा ३ चा’ असं मात्र कुठेच लिहू नका.